थ्रिलर शॉर्टफिल्म करताना: आधी ठरवा, कुणाला काय ठाऊक आहे

मास कम्युनिकेशनच्या वर्गात ‘पाच मिनिटांची थ्रिलर करा’ अशी असाइनमेंट कधी ना कधी येतेच. पहिल्याच बैठकीत बहुतेक गटांची यादी तयार असते: रात्र, काळी हूडी, सुरी, पावलांचा आवाज, शेवटी किंकाळी. हे सगळे थ्रिलरचे संकेतच आहेत आणि ते वापरायला काहीच हरकत नाही. तरीही फिल्म पाहताना कुणी खुर्चीत सावरून बसत नाही. याचं कारण असं, की या प्रत्येक संकेताचं मूळ काम एकच आहे: कोणती माहिती कुणाला आणि कधी द्यायची हे ठरवणं. अंधार माहिती झाकतो. क्लोजअप ती निवडून समोर ठेवतो. चौकटीबाहेरचा आवाज अर्धीच सांगतो. क्रॉसकटिंगमुळे (दोन ठिकाणचे प्रसंग आलटूनपालटून दाखवल्यानं) पात्राला नसलेली माहिती प्रेक्षकाला मिळते. हे आधी ठरलं नसेल, तर अंधार हा नुसता कमी उजेड राहतो.

थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकनं १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी केलेल्या प्रदीर्घ संभाषणात हे फार सोपं करून सांगितलं होतं. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारतायत आणि टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटतो. प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब ठेवताना प्रेक्षकानं आधी पाहिलेला असेल, तो किती वाजता फुटणार हे ठाऊक असेल आणि भिंतीवर घड्याळ दिसत असेल, तर त्याच निरर्थक गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. विद्यार्थ्यांसाठी यातला हिशेब महत्त्वाचा आहे. धक्क्याला मेकअप, व्हीएफएक्स आणि स्टंट लागतो. जीव टांगणीला लावायला फक्त शॉटचा क्रम पुरतो. यातली दुसरी गोष्टच तुमच्या बजेटमध्ये बसते.

एक प्रसंग घेऊ आणि सगळं त्यावरच तपासू. सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पीजी म्हणून राहणारी मुलगी. आधीची भाडेकरू सामान न नेताच निघून गेली, असं घरमालक काका सांगतात. आज काका बाहेर गेलेत आणि ही त्यांच्या टेबलाचा कुलूपबंद खण उघडतेय. दोन पात्रं, एक जागा, एक संध्याकाळ. कागदावर पटकथेच्या आधी तीन रकाने आखा: मुलीला काय माहीत, काकांना काय माहीत, प्रेक्षकाला काय माहीत. दर वीस-तीस सेकंदांनी कुठल्या रकान्यात भर पडते ते लिहा. एखाद्या मिनिटात तिन्ही रकाने रिकामे राहिले, तर तो भाग पडद्यावर लांबणार हे नक्की समजा.

आता आवाजाचा संकेत. जुन्या इमारतींमध्ये जाळीच्या दाराची लिफ्ट असते आणि दार नीट लागलं नाही की ती ‘कृपया दरवाजा बंद कीजिए’ असं घोकत बसते. आपल्याकडच्या थ्रिलरसाठी हा आवाज म्हणजे आयता खजिना आहे. फ्रिट्झ लँगच्या १९३१ सालच्या ‘एम’ या चित्रपटात खुन्याची शीळ ऐकू आली की तो जवळ आहे हे कळतं, पुढे आंधळा फुगेवाला त्याला त्या शिळेवरूनच ओळखतो. आवाज आधी एका माणसाशी बांधायचा आणि मग माणूस न दाखवता नुसता आवाज द्यायचा, ही ती रीत. आपल्या फिल्ममध्ये पहिल्या चाळीस सेकंदांत काका लिफ्टनं जातात, दार अर्धवट सोडतात, लिफ्ट घोकू लागते आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी ‘अहो, दार लावा!’ म्हणून ओरडतं. एवढ्यानं प्रेक्षक शिकला: लिफ्ट बोलली की काका आले.

पुढे हा आवाज तीनदा वापरायचा नाही. एकदा वापरायचा चकवा म्हणून: लिफ्ट घोकते, मुलगी गोठते आणि शेजारचं दार उघडून बंद होतं. दुसऱ्यांदा तो वाजवायचाच नाही. प्रेक्षक लिफ्टकडे कान लावून बसलेला असतो आणि काका जिन्यानं वर येतात. संकेत शिकवा, एकदा खोटा पाडा, मग तो न देता माणूस आणा. चौथी पायरी लागत नाही.

पण या सगळ्याआधी भूगोल हवा, आणि विद्यार्थ्यांच्या बहुतेक थ्रिलर इथेच कोसळतात. मुख्य दार कुठे, पॅसेज कुठे, टेबल कुठे, टेबलाशी उभं राहिलं की दाराकडे पाठ होते की तोंड, हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर लिफ्टचा आवाज कुठल्याही दिशेला धोका दाखवत नाही. त्यामुळे पहिल्या अर्ध्या मिनिटात एक वाइड शॉट असा ठेवा, की दार, चपलांचं स्टँड, पॅसेज आणि टेबलाची खोली एकाच चौकटीत येईल. मुलगी त्या वाटेनं एकदा चालत जाऊ दे. नंतर कितीही क्लोजअप घ्या, नकाशा डोक्यात बसलेला असतो. दार आणि टेबल यांच्यामधली काल्पनिक रेषा ओलांडून कॅमेरा पलीकडे नेलात, तर मुलगी दाराकडे पाहतेय की खिडकीकडे, हे कळेनासं होतं. तणाव तिथेच सुटतो.

पेरणीही याच अर्ध्या मिनिटात. काका निघताना स्टँडवरून चपला काढून घालतात. त्यांची जागा रिकामी दिसते. टेबलाच्या किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला अडकवतात आणि एकदा मागे वळून पाहतात. या शॉटवर संगीत नको, झूम नको. पेरलेल्या गोष्टीवर जोर दिला की प्रेक्षक तिची वाट पाहू लागतो. तिला दुसऱ्या कुठल्यातरी कामाच्या आड लपवा. मुलगी ‘काका, गॅसचा नंबर लावायचाय का?’ असं विचारत असताना काका किल्ल्या अडकवतात; लक्ष संवादाकडे जातं, किल्ली डोळ्यांनी नोंदलेली राहते.

मधले दीड मिनिट शॉट-शॉट करून लिहून काढा. किल्ली कुलपात जाते, क्लोजअप, ४ सेकंद. मुलीचा चेहरा, ३. रिकामा पॅसेज तिच्या नजरेतून, ५. खण उघडत नाही, दुसरी किल्ली, ४. लिफ्ट घोकायला लागते, इन्सर्टमध्ये (फक्त हाताच्या जवळच्या शॉटमध्ये) हात थांबतो, ३. चेहरा, फक्त डोळे हलतात, ६. बंद दार, ५. शेजारच्यांचं कुलूप, टीव्हीचा आवाज. हात पुन्हा कामाला लागतो. इथून पुढे खण उघडेपर्यंत प्रत्येक शॉट आधीच्यापेक्षा थोडा आखूड होत जाऊ दे, दोन सेकंदांपर्यंत. खण उघडतो, आत आधीच्या मुलीचं कॉलेजचं आयकार्ड. इथे वेग मोडा. मुलीच्या पाठीमागून मिड शॉट, उजव्या कडेला पॅसेजची चौकट थोडी धूसर, आणि हा शॉट १२ सेकंद धरा. काहीही घडू देऊ नका. प्रेक्षक मुलीकडे पाहतच नाही. तो त्या रिकाम्या चौकटीत शोधत असतो. मग एकच कट: चपलांचं स्टँड. मघाची रिकामी जागा भरलेली. मुलीला हे ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे, आणि ती अजून आयकार्डच वाचतेय.

त्या चपलांच्या शॉटसाठी एक दक्षता. सुरुवातीचा आणि हा शॉट तंतोतंत एकाच कोनातून, एकाच लेन्सनं, एकाच उंचीवरून घ्यायचा. दोन्ही सलग, एकाच वेळी शूट करा: ट्रायपॉड न हलवता आधी चपलांसह, मग चपलांशिवाय. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलेला ट्रायपॉड कधीच जागेवर बसत नाही आणि दोन चित्रं जुळली नाहीत की प्रेक्षकाला फरक कळायला एक सेकंद जास्त लागतो. तो सेकंद इथे परवडत नाही.

प्रकाशाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. लो-की (सावल्या ठळक ठेवणारी प्रकाशयोजना) म्हणजे कमी एक्स्पोज करणं, कॅमेऱ्यात कमी उजेड घेणं नव्हे. चेहऱ्याची उजळ बाजू व्यवस्थित एक्स्पोज हवी, वेव्हफॉर्मवर (उजेड दाखवणाऱ्या आलेखावर) साधारण ५० टक्क्यांच्या आसपास, आणि दुसरी बाजू तिच्यापेक्षा तीन स्टॉप खाली (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे आठास एक. सगळंच काळं घेऊन एडिटमध्ये उजळ केलं की नॉइज (दाणेदार खरखर) उसळतो आणि यूट्यूबच्या कॉम्प्रेशनमध्ये काळ्या भागात चौकोन दिसायला लागतात. उलट वाट सुरक्षित: नीट उजळ घ्या, ग्रेडिंगमध्ये (एडिटनंतर रंग-उजेड ठरवताना) खाली ओढा.

आपल्या फ्लॅटमधली खरी अडचण म्हणजे पांढऱ्या किंवा क्रीम भिंती. एका बाजूनं लाइट लावला तरी समोरच्या भिंतीवरून उजेड परत येतो आणि सावली भरून टाकतो. उपाय दोन. कलाकाराला भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे आणा आणि सावलीच्या बाजूला चौकटीबाहेर, चेहऱ्यापासून दोन फुटांवर काळं कापड टांगा. फरक डोळ्यांनी लगेच दिसतो. लाइट एकच पुरतो: २० ते ४० वॉटचं एलईडी पॅनेल, पुढे बटर पेपर, चेहऱ्याच्या बाजूनं काटकोनात. टेबललॅम्प चौकटीत ठेवलात तर त्यात ३ वॉटचा बल्ब घाला, नाहीतर चित्रात शेड नुसती पांढरी पडते. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यानं पांढरा रंग कोणता धरायचा ते) ऑटोवर न ठेवता ४००० केल्विनवर बांधा. घरातला पिवळा दिवा ऊबदार राहतो आणि खिडकीतून येणारा संध्याकाळचा उजेड निळसर पडतो. ‘रात्र म्हणजे निळा फिल्टर’ लावण्यापेक्षा हे कितीतरी खरं दिसतं.

शटरचं गणित एकदा पाठ करून टाका. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद. मोबाइल मुळात ३० फ्रेमवर असतो. १/६० शटरला ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात आणि ते नंतर काढणं जिकिरीचं. मोबाइलवरच शूट करत असाल तर एक्स्पोजर आणि फोकस लॉक करणं सक्तीचं समजा, नाहीतर कलाकार अंधारात गेला की फोन आपणहून चित्र उजळतो आणि तुमची सगळी सावली गायब होते. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप हे सगळं हातानं ठरवू देतं. कॅमेरा असेल तर १.८ अ‍ॅपर्चरचा मोह आवरा: लेन्सचं तोंड जास्त उघडलं की फोकसमधली जागा अरुंद होते. फोकस ओढायला कुणी सराईत नसतं आणि पुढे झुकणाऱ्या चेहऱ्याचा एक डोळा निसटतो, २.८ ते ४ वर काम भागतं.

वाकडी चौकट (कॅमेरा एका बाजूला कललेला) फिल्मभर वापरू नका. दहा-पंधरा अंश, एकदाच, मुलीला आयकार्ड सापडतं तिथे. बाकी वेळ कॅमेरा सरळ आणि स्थिर असला, तरच वाकडं झाल्याचं जाणवतं. हँडहेल्डचंही (कॅमेरा हातात धरून घेतलेल्या शॉटचंही) तेच.

आवाज. वेळ कमी पडली तर एक दिवस शूटिंगमधून काढून आवाजाला द्या, कारण थ्रिलरचा निम्मा अर्थ चौकटीबाहेर असतो आणि तिथे कॅमेरा पोहोचत नाही. सेटवर आधी पंखा, एसी, फ्रिज बंद. फ्रिज बंद केलात की त्यात स्कूटरची किल्ली ठेवा. किल्ली घेतल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही आणि घरमालकांचं दूध नासणार नाही. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढा: टिकटिक प्रत्येक कटला उडी मारते, आणि काटे हलले की कंटिन्युइटीही बिघडते. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. माइक तोंडापासून दीड-दोन फुटांत. बूमला (माइक पुढे धरायच्या काठीला) पडद्याचा पाइप चालतो. प्रत्येक खोलीत सगळे गप्प उभे राहून एक मिनिटाचा रूम टोन (त्या खोलीच्या शांततेचा आवाज) घ्या. शांतता हवी तिथे टाइमलाइनवर रिकामी जागा सोडलीत तर आवाज तुटल्यासारखा वाटतो, प्रेक्षक स्पीकरकडे बघतो. तिथे रूम टोन हवा.

मग वाइल्ड ट्रॅक, म्हणजे कॅमेऱ्याशिवाय वेगळे घेतलेले आवाज: कुलपात किल्ली फिरणं, खणाचं लाकूड घासणं, काकांच्या चपला, मुलीचा श्वास. श्वास माइकपासून चार-सहा इंचांवर, थोडा बाजूनं घ्या, म्हणजे हवेचा फटका माइकवर बसत नाही. लिफ्टचा आवाज तीन ठिकाणांहून रेकॉर्ड करा: लिफ्टजवळ, दाराबाहेर, आणि खोलीच्या आत दार बंद करून. एकाच फाइलचा आवाज कमी-जास्त करून अंतर येत नाही. बंद दारामागून येताना तीक्ष्ण, वरच्या सुरांची कंपनं आधी मरतात. तिन्ही जमलं नाही तर एडिटमध्ये लो-पास फिल्टर (वरचे सूर कापणारा) १ किलोहर्ट्झच्या आसपास लावा.

पार्श्वसंगीत म्हणून खोल, गुरगुरणारा ड्रोन (सलग चालणारा एकसुरी सूर) सगळ्यांनाच लागतो. हेडफोनवर तो अंगावर येतो आणि वर्गातल्या लॅपटॉपवर ऐकूच येत नाही, कारण ४०-६० हर्ट्झचा आवाज लॅपटॉप-मोबाइलच्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. त्याच्यावर २०० ते ४०० हर्ट्झमध्ये एक पातळ थर चढवा आणि मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर तपासा. ड्रोन पहिल्या सेकंदापासून लावू नका. कानाला त्याची सवय होते आणि मग तो काढून घेण्याचा परिणाम हातून जातो. काका घरात आलेत हे चपलांवरून कळतं, त्या कटला ड्रोन एकदम थांबवून बघा.

अभिनयाबाबत दिग्दर्शकाला एकच सूचना: ‘घाबर’ असं कलाकाराला सांगू नका. काम द्या. जुडग्यात पाच किल्ल्या, त्यातल्या दोनच कुलपात शिरतात, आणि काढलेली किल्ली परत त्याच क्रमानं लावायची आहे. हात खरंच गुंतले की चेहरा आपोआप खरा होतो.

पटकथेच्या लांबीचा अंदाज इथे फसतो. एक पान म्हणजे एक मिनिट हा ठोकताळा संवादांच्या फिल्मला लागू पडतो. ‘ती खण उघडण्याचा प्रयत्न करते’ ही एक ओळ पडद्यावर चाळीस सेकंद घेते. म्हणून घड्याळ लावून प्रसंग करून पाहा, मगच पानं मोजा. पाच मिनिटांना पन्नासेक शॉट धरले आणि नवख्या गटाकडून दिवसाला पंधरा-वीस होतात असं मानलं, तर तीन दिवस लागतात. दोन दिवसांत बसवायचं असेल तर शॉट कमी करा. घाईत घेतलेले लांब शॉट पहिले बळी जातात आणि थ्रिलरला तेच हवे असतात.

एडिटिंगला मोबाइलच्या क्लिप थेट टाइमलाइनवर टाकू नका. फोनचा फ्रेमरेट बदलता असतो, वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू सरकत जातो. आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेम करून घ्या. डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुढच्या सगळ्या कामाला पुरेशी आहे. कट करताना पुढच्या शॉटचा आवाज दहा-बारा फ्रेम आधी येऊ द्या: लिफ्ट आधी ऐकू येते, हात नंतर थांबतो. क्रम उलटा झाला तर हात आवाजाच्या आधीच घाबरलेला दिसतो.

शेवट. ‘हे सगळं स्वप्न होतं’ आणि ‘ती मुलगीच मनोरुग्ण निघाली’ हे दोन शेवट टाळा. पहिला प्रेक्षकाची सगळी गुंतवणूक पुसून टाकतो. दुसरा आजाराला खलनायक करतो, आणि खऱ्या रुग्णांना त्याची किंमत मोजावी लागते. चांगली कलाटणी आधीच्या एखाद्या शॉटचा अर्थ बदलते. मुलगी वळते, काका खुर्चीत बसलेले. ते ओरडत नाहीत, ‘मिळालं?’ एवढंच विचारतात. खिळ्याला अडकवलेली किल्ली, मागे वळून पाहणं, लिफ्ट सोडून जिना, सगळं एका शब्दात जुळून येतं. इथेच कट टू ब्लॅक. काकांनी पुढे काय केलं हे दाखवायला लागलात की फिल्म रक्त, मेकअप आणि स्टंटच्या बजेटमध्ये शिरते.

तरी सुरी किंवा पिस्तूल लागणारच असेल, तर सुरीची धार आधी काढून टाका किंवा रबराची वापरा, आणि खेळण्यातलं पिस्तूलही रस्त्यावर, जिन्यात, गच्चीत उघडं बाहेर काढू नका. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवा, बाहेरचा प्रसंग असेल तर पोलीस ठाण्यातही. रेल्वे स्टेशनवर परवानगीशिवाय शूटिंग करता येत नाही, ‘पटकन मोबाइलवर’ सुद्धा नाही. रक्तासाठी साखरेचा घट्ट पाक, लाल खाद्यरंग आणि चिमूटभर कोको. कोकोशिवाय ते सरबतासारखं दिसतं. डाग जात नाहीत, एकसारखे दोन शर्ट ठेवा.

रफ कट (पहिली कच्ची जोडणी) झाल्यावर तो गटाबाहेरच्या तीन-चार जणांना दाखवा. ‘आवडली का’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. १२ सेकंदांच्या शॉटवर फिल्म थांबवा आणि विचारा: आत्ता तुम्ही चौकटीत कुठे बघत होता? दार कुठल्या बाजूला आहे? काका कुठे असतील? बघणारे मुलीच्या हाताकडे बघत असतील तर पॅसेजची चौकट पुरेशी दिसत नाही. दार सांगता आलं नाही तर सुरुवातीचा वाइड शॉट आखूड पडलाय. ‘काका घरातच असतील’ असं कुणी चपलांच्या आधीच म्हटलं, तर किल्ल्या अडकवतानाचं वळून पाहणं फार वेळ टिकलंय. त्यातल्या सहा-आठ फ्रेम कापा आणि पुन्हा नव्या माणसांना दाखवा, कारण पहिल्यांना आता शेवट माहीत आहे.